रिजेक्टातलं एक

मुंबई
ता. ७-११-७७

मालन,

जय भीम. पत्र सूर्यभान भाऊंच्या शाळेच्या पत्त्यावर टाकलंय. ते वाचून दाखवतेल. भाऊ, तुमालाबी जय भीम. बहिणीच्या नवऱ्याचा राग असंल, पण आधी पुरतं वाचा, मग चुलीत घाला.

मी खुशाल हाय. अडीच वर्षं पत्र न्हाई, कारण कामाचा ठिकाणा नव्हता. जिंतूरला जिनिंगात सहा महिने, मग मनमाडला हॉटेलात, मग आणखी कुठं कुठं. माझं बूड एका जागी टिकत न्हाई हे तुला नव्यानं काय सांगू. आता मातर मुंबईत सरकारी नोकरी हाय. लस तयार करायची संस्था हाय. डॉक्टर लोकांच्या संगं काम असतं. पांढरा कोट असतो.

लिहायचं कारण येगळंच हाय. आमच्या संस्थेत गिनीपिग नावाचं जनावर पाळतेत. सशापेक्षा लहान, शेपूट न्हाई, गवत खातं, चावत न्हाई. जे कामाचं न्हाई ते रिजेक्ट करतेत. रिजेक्टची खोली आता मोकळी करायची हाय. डॉक्टरीण बाई म्हणल्या, ज्याला पाळायचं त्यानं एकेक घरी न्यावं, कागदावर सही करावी. मी नाव देऊन टाकलं. पोरीसाठी. तिला खेळायला हुईल.

रंगीत हाय, काळं हाय, लाल डोळ्याचं हाय. एक तर इतकं देखणं हाय की बघत राहावं. तीन रंगाचं, अंगावर केसाचे भोवरे, जसं काय कुणी बसून येणी घातली. तिला कोणता रंग आवडतो ते कळव. दूध पिती का नीट?

पोर झाली त्या टायमाला मी आलो आणि लगेच गेलो, ते कामावर खाडा होत होता म्हणून. तुझ्या घरी तू तसं सांगितलं असशीलच.

तुझा,
रंगनाथ


मुंबई
ता. २६-११-७७

मालन,

जय भीम. भाऊंचं कार्ड भेटलं. दोनच ओळी. "पिग म्हणजे डुक्कर. आमच्या दारात डुक्कर आणायचे नाही आणि आपणही यायचे नाही." खाली सही, आणि सहीखाली शाळेचा शिक्काबी मारलाय.

भाऊ, तुमी मास्तर. पिग म्हणजे डुक्कर, तुमचं बरोबर हाय. मीबी पहिल्या दिवशी तेच समजलो. आमचा हेड दिनकरराव म्हणून हाय, सातारकडचा. तो म्हणला, "आज पिगची खोली झाडून घे." मी झाडू खाली टाकला. म्हणलो, "आमच्या बापानं छप्पन साली मेलेली ढोरं वढायचं सोडलं. गावानं पाणी बंद केलं तरी पुन्हा हात लावला न्हाई. मी काय मुंबईला येऊन डुकरं वळू?" तो म्हणला, "अरे लेका, आधी दार तर उघड."

दार उघडलं. दोनशे जनावरं एकदम माझ्याकडं बघून शीळ घालायली. त्यांना वाटलं घास आला. मी जो मागं पळालो, ते थेट जिन्यापतूर. दिनकरराव हसून हसून भुईवर बसला. "मराठवाड्याचा वाघ बघा, उंदराला भ्याला!" अजून सगळे मला वाघ म्हणतेत. तर भाऊ, हे डुक्कर न्हाई. नाव ठेवणाराची चूक हाय, माझी न्हाई. तुमी तुमच्या पुस्तकात बघा.

आता तू भाऊंच्या तोंडून ऐकायलीसच तर खरंच सांगतो. पांढरा कोट माझा न्हाई. मला खाकी हाय. मी पिंजरे धुतो, लसूणघास कापतो, हरभऱ्याला मोड आणतो. आणि निवड करतो. सकाळी डॉक्टरीण बाईचा कागद येतो, आज बारा पायजेत, आज वीस पायजेत. मी पिंजऱ्यात हात घालून काढून देतो. पांढरीशुभ्र, डागबिग नसलेली, कानाची, डोळ्याची धड. कारण पांढऱ्या कातडीवर सुई टोचली की लाली नीट दिसती, आणि पाठीवर पिवळा रंग लावला की कोणतं कोणतं ते वळखू येतं. काळ्यावर, रंगीतावर कायबी दिसत न्हाई. म्हणून ती रिजेक्ट.

टेबलावर गेलेली परत पिंजऱ्यात येत न्हाईत.

म्हणजे आमच्या हितं उलटं हाय. जे चांगलं दिसतं ते जातं. ज्याला डाग ते वाचतं. दीड वर्षं झालं, माझा हात सकाळी रूप बघूनच पुढं जातो. आता त्याच हातानं वाचवायला एक काढायचं हाय, तर हाताला काय सुचंना.

दुसरी एक गोष्ट. या जनावराचा वरचा ओठ मधोमध फाटलेला असतो. सगळ्यांचा. दोनशेच्या दोनशे. मी पयल्यांदा बघितलं तेव्हा तसाच बाहीर जाऊन नळाखाली डोकं धरलं. मग रोज बघायलो. त्याच ओठानं घास असा सपासप वढतेत की बास. पिल्लं जन्मतेत तीबी तशीच, आणि आई चाटून पुसून घेती. एकीनंबी पिल्लू बघून तोंड फिरवलं न्हाई.

भाऊ, हे वाचून दाखवताना थांबू नका.

आमच्या शेजारच्या दवाखान्यात असे ओठ शिवतेत. टाळूबी शिवतेत. डॉक्टरीण बाई चिठ्ठी देते म्हणल्या. पोरीला घेऊन या. नीट दिसायला लागंल. पुढं लग्नाबिग्नाला अडचण नको.

रंगनाथ

ता. क. अडीच वर्षांची पोर भाकर खाती, दूध काय विचारता, असं तू म्हणल्याचं भाऊंनी कार्डाच्या कडंला लिहिलंय. बरोबर हाय. मला ठाऊक नव्हतं.


मुंबई
ता. १२-१२-७७

सूर्यभान भाऊ, हे पाकीट तुमी फोडलं असंल तर हितंच थांबा आणि मालनच्या हातात द्या. तिला वाचता येतं. तिसरी पास हाय ती. झरीच्या फाट्यावर येस्टीची पाटी माझ्याआधी ती वाचायची. जे लिहायचं हाय ते तुमच्या तोंडून तिच्या कानात जाऊ नये.

मालन,

सावकाश वाच. माझं अक्षर वाईट हाय.

माझ्या आईनं, केशरबाईनं, तुमच्या सगळ्या पाहुण्यांत सांगितलं की सुनंनं गिराणात वांगं चिरलं, म्हणून पोरीचा ओठ फाटला. आळीत सांगितलं. आमच्या झरीत पाणवठ्यावर सांगितलं. मी ऐकलं आणि गप राहिलो. नुसता गप राहिलो असतो तरी एक येळ चाललं असतं.

कार्तिक पुनवेची सांज. दिवा नुकताच लागला होता. तुला तिसरा महिना. आई म्हणली, "सूनबाई, गिराण सुटस्तोर बाजंवर गप पडून ऱ्हा. इळीला, सुईला हात लावू नको." मी वट्ट्यावरून आत आलो. त्या दिवशी मी कुठल्यातरी सभेला जाऊन आलो होतो, अंगात वारं भरलं होतं. म्हणलो, "आई, म्हसोबा नदीत सोडला, मरीआई नदीत सोडली, मग हे गिराण कशाला घरात ठेवलं? मालन, ऊठ. इळी घे. वांगं चीर."

तू म्हणलीस, "अहो, आत्या म्हणतेत तर ऱ्हाऊ द्या की. सकाळी करते."

मी म्हणलो, "चीर म्हणलं ना. माझ्यासमोर चीर."

तू चिरलंस. चार फोडी केल्यास. मी दारात उभं राहून आळीला ऐकू जाईल असा हसलो. आई तोंडाला पदर लावून बाहीर जाऊन बसली. तिनं माझं नाव कधी घेतलं न्हाई, तुझंच घेतलं. तिचं पोर मी.

मग तू बाळंतपणाला राणीसावरगावला गेलीस. मी आईला घेऊन बघायला आलो. तुझ्या आईनं फडकं बाजूला केलं. मी मागं सरलो. माझी आई इचारायली, "काय गं, काय केलं हुतंस?" तू माझ्याकडं बघितलंस तेवढंच. मला सांगायचं होतं, आई, मी चिरायला लावलं. तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "हिनंच चिरलं असंल काईतरी, माझ्या माघारी."

कामावर खाडा-बिडा काय नव्हता, मालन. काम नव्हतंच. तिथून निघून गंगाखेडच्या स्टँडवर दोन दिवस बसून होतो. राणीसावरगावची गाडी लागायची, लोक चढायचे, कंडक्टर घंटी मारायचा, गाडी जायची. पाचव्या गाडीच्या कंडक्टरनं इचारलं, "पाहुणं, यायचं का न्हाई?" मी परभणीच्या गाडीत बसलो.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीण बाईला इचारलं. सरळ इचारलं, गिराणात वांगं चिरल्यानं ओठ फाटतो का. त्या हसल्या न्हाईत. म्हणल्या, "रंगनाथ, ज्या देशात ग्रहण पाळत नाहीत तिथंही अशी मुलं जन्मतात. जिनं दिवसभर काही चिरलं नाही तिलाही होतात." म्हणजे मी त्या सांजच्याला बरोबर होतो. बरोबर होतो, तरी खोटं बोललो. चुकलो असतो तर भ्यालो म्हणता आलं असतं. आता काय म्हणू?

शनवारी रिजेक्टची निवड झाली. माझी पाळी आली तेव्हा चार उरली होती. ते देखणं, तीन रंगाचं, तेबी होतंच. सगळ्यांना वाटलं वाघ तेच उचलणार. मी न्हाई उचललं. कोपऱ्यात एक होतं. एक कान कुरतडलेला, पाठीवर केस गेलेलं टक्कल, एक डोळा पिचका. ते घेतलं. दिनकरराव म्हणला, "काय रे, डोळं फुटलं का तुझं? ह्या ध्यानाला घरात कोण घेणार?" मी म्हणलो, "मी."

खोलीवर चहाच्या खोक्यात ठेवलंय. मालन, ते ध्यान उचललं तेव्हा मला लय हलकं वाटलं. वाटलं, आता मालनला कळंल, हा माणूस रूपावर जात न्हाई.

रंगनाथ


मुंबई
ता. २-१-७८

मालन,

तुझं पत्र भेटलं. तुझ्या हातचं. पाटीवर काढतेत तेवढी मोठी अक्षरं, रेघ सोडून वर चढलेली. चार येळा वाचलं. खाली तुझं नाव न्हाई, वर माझंबी न्हाई. मधलंच तेवढं हाय. मी हितं उतरून काढतो, म्हणजे तुला कळंल की मी नीट वाचलं:

"तुमी ध्यान जनावर घेतलं म्हणून मी खूश व्हावं का. देखणं घेतलं असतं तर रूपच बघितलं असतं. ध्यान घेतलं तरी रूपच बघितलं. माझी पोर कुणाचं पाप धुवायला जन्मली न्हाई. मी तिला बोळ्यानं दूध पाजून वाढवली, तुमाला भलं माणूस करायला न्हाई. ओठ शिवायचा तो लग्नासाठी न्हाई. पेज नाकातून येती. पाणी म्हणायचं तर मानी म्हणती, ते मला सोडून कुणाला कळत न्हाई. मी एका दिवसाला गावाला गेले तर दिवसभर मानी मानी करून तहानलेली निजली. त्यासाठी शिवायचा. तारीख कळवा. दादा सोबत येतेत. ठेसनावर जनावर घेऊन उभं राहू नका. हात मोकळे ठेवा. ती जड हाय."

दोन दिवस मला राग आला होता, ते सांगून टाकतो. म्हणलं, माणूस एवढा वाकला तरी हिला कमीच. जनावर पुन्हा नेऊन द्यावं, नोकरी सोडावी, सुरतला जावं. बॅगबी भरली. एक गडी सुरतला कापडाच्या गिरणीत हाय. मग बॅग तशीच दाराशी राहिली, आणि त्या खोक्यातलं जनावर सकाळी शीळ घालायलं घासासाठी. घास आणायला गेलो ते परत आलो. एवढंच झालं. मोठा विचार करून थांबलो असं न्हाई.

एक गोष्ट मी मागच्या पत्रात लपवली. तुझं पत्र वाचल्यावर ती सांगून टाकतो.

ते देखणं उरलं होतं ना. माझ्यामागं दोघं होते निवडायला. दोघांनीबी न्हाई घेतलं. एकानं सांगितलं, बायको म्हणती घाण करतं. दुसऱ्यानं काळं घेतलं, त्याला काळं चांगलं असतं असं कुणी सांगितलं होतं. मग उरलेल्यांचं जे करायचं असतं ते डॉक्टरीण बाईनं केलं, आणि बादली भट्टीकडं न्यायची माझ्याकडं आली. बादली मी रोजच नेतो, मालन. छप्पन साली बापानं जे हातातून टाकलं, ते मी बादलीत घालून रोज नेतो. हे तुला कधीच सांगितलं न्हाई, बापाला तर न्हाईच न्हाई. त्या दिवशी बादलीत ते वर होतं. केसाचे भोवरे तसेच.

त्याचा काय गुन्हा होता? देखणं होतं, आणि मला त्या दिवशी देखणं नको होतं. एवढाच. मी त्याच्याकडं बघितलंच न्हाई. मी तुझ्याकडं बघायलो होतो, तू काय म्हणशील म्हणून. चार जिवातला एक काढताना जिवाकडंच बघितलं न्हाई. रोज सकाळी जसं करतो तसंच केलं.

खोक्यातलं जनावर कसं दिसतं ते आता मला सांगता येणार न्हाई. सवय झाली. दोडक्याची साल दिली की आधी नाक लावतं, मग खातं. कोबी टाकून देतं. मी दार वाजवलं की बोलतं, दुसऱ्यानं वाजवलं तर गप बसतं. पोरीला पायजे असंल तर बघंल, नको असंल तर ऱ्हाऊ दे. मी तिच्यासाठी ठेवलंय असं आता म्हणत न्हाई. ते हाय म्हणून हाय.

आईला पत्र टाकलंय. झरीत तिला वाचून दाखवायला बन्सीधर वाण्याकडं जावं लागतं, तिथं दहा माणसं बसलेली असतेत. मुद्दाम तसंच टाकलं. त्यात एकच गोष्ट लिहिली, की वांगं मी चिरायला लावलं आणि मालन नको म्हणत होती. आता ती दुकानात ऐकंल, गाव ऐकंल. जे काय म्हणायचं ते मला म्हणतेल.

दवाखान्यात उद्या इचारतो. तारीख कळवतो.

रंगनाथ


मुंबई
ता. १६-१-७८

मालन,

तारीख भेटली. माघ पुनवेच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती व्हायचं हाय. तपासणी, रक्त, मग शिवायचं. डॉक्टर म्हणतेत, आधी ओठ, टाळू सहा महिन्यानं. बोलणं लगेच सुधरणार न्हाई, शिकवावं लागंल. मी म्हणलो, शिकवू.

दोन दिवस आधी निघा. परभणीहून मनमाड, मनमाडला गाडी बदलायची. भाऊंना सांग, मनमाडच्या ठेसनावर समोसा खाऊ नका, मी तिथं तळलेत, मला ठाऊक हाय. पोरीला गाडीत भात-दही द्या. उतरल्यावर जागेवरून हलू नका, मी डबा शोधत येतो. हात मोकळे असतेल.

तिला सांगू नको की हा बाप. मी आधी नुसता उभा राहीन. रडली तर रडू दे. ती यायची तेव्हा येईल माझ्याकडं, न्हाई आली तर पेटी उचलीन.

एक काम हाय, म्हणून हे घाईनं लिहायलोय. काल दवाखान्यात भरतीचा कागद भरायचा होता. खिडकीत एक बाई बसती. तिनं इचारलं, गाव? मी सांगितलं. वय? सांगितलं. आईचं नाव? मालन रंगनाथ. बापाचं नाव? सांगितलं. मग म्हणली, "पेशंटचं नाव?"

मी म्हणलो, "मुलगी."

ती म्हणली, "मुलगी ते वर लिहिलंय. नाव सांगा."

माझ्यामागं लाईन होती. मी म्हणलो, "आठवतो." ती माझ्याकडं बघायली. म्हणली, "स्वतःच्या मुलीचं नाव आठवावं लागतं?"

मालन, बारशाला मी गंगाखेडच्या स्टँडवर होतो. ह्याआधी चार पत्रं लिहिली, त्यातल्या एकातबी इचारलं न्हाई, आणि इचारलं न्हाई हे मला कळलंबी न्हाई, कालपतूर. तूबी तुझ्या पत्रात माझी पोर एवढंच लिहिलंस. मला वाटतं तू मुद्दाम केलंस. मी इचारतो का ते बघत होतीस.

त्या बाईनं कागद बाजूला ठेवलाय. सगळ्या रेघा भरल्यात, तेवढी एक कोरी हाय. आठ दिवसांत भरा म्हणली, न्हाई तर तारीख दुसऱ्याला जाईल.

दुसरं कायबी लिहू नको. कार्डावर तेवढं एक नाव लिहून टाक. आणि ती स्वतः ते कसं म्हणती, तेबी लिही.

रंगनाथ